गुरुवारचं रीडिंग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीच्या फिजिक्सच्या जर्नलला खाकी कव्हर घालणं. सोमवार होता, दिवेलागणीच्या आधीची वेळ. मी कागद कापला, कोपरे दुमडले. द्वारकानं कणकेची खळ शिजवली होती, ती बोटानं लावत होती. घरात डिंकाची बाटली होती, पण तिला खळच लागायची. कव्हर बसलं तसा तिनं वर तांदळाचा डबा ठेवला, दाबून बसावं म्हणून. एका वहीपुरता कागद उरला. तो तिनं वाया जाऊ दिला नाही, स्वतःच्या बीपीच्या वहीला लावला. मग ती वही अर्धवट उघडून माझ्यापुढं धरली, खाली बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, आमचं बी जर्नल तपासा." मी खिशातला लाल पेन काढला आणि बोट होतं तिथं लिहिलं, 'तपासले'. खाली सही ठोकली.

मंगळवारी दुपारी ती नव्हती.

आता परत फेब्रुवारी आलाय. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीतून सकाळी पोरं-पोरी जातात, छातीशी जर्नल धरून. खाकी कव्हर, वर पांढरं लेबल, लेबलावर नाव. प्रॅक्टिकलचे दिवस. मला ती कव्हरं बघवत नाहीत. मी दार लोटून घेतो. तरी खिडकीतून ऊन येतंच. या दिवसांत ऊन कसं, अंगाला लागत नाही. पहाटे गारवा असतो, दुपारी पंख्याकडं हात जातो. लिंबाची पिवळी पानं अंगणात पडून राहतात, झाडणारी नाही म्हणून. आणि मला या चांगल्या हवेचाच राग येतो. मागल्या वर्षीही हीच हवा होती. तेव्हाही गोडच होती, हरामखोर.

लोकांचाही येतो. चालती-बोलती गेली, सवाष्ण गेली, कुणाला एक दिवस करायला लावलं नाही, असं मला माझ्या तोंडावर सांगतात. शेजारच्या एका बाईनं तर सोन्यासारखं मरण आलं म्हणून डोळे पुसले. मी म्हणालो, मग तुम्ही घ्या. तेव्हापासून ती बाई आमच्या दारावरून जाताना पदर सावरते आणि पुढं बघते. जाऊ दे. मला काय तिच्या घरी जेवायला जायचं नाय.

मी सातवी शिकलो. पण एकतीस वर्षं एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबला होतो. कागदावर प्रयोगशाळा परिचर, तोंडानं लॅब बॉय. डोक्याचे केस पांढरे झाले, नात झाली, तरी बॉयच. सकाळी कपाटं उघडली की पितळेचा, जुन्या सागवानाचा आणि स्पिरिटचा एकत्र वास यायचा. तो माझ्या शर्टाला बसलेला असायचा. द्वारका म्हणायची, दुसरीच्या नवऱ्याला घामाचा वास येतो, माझ्याला समईचा येतो.

सूत्रं मला आजही येत नाहीत. पण हाताला सगळं येतं. मीटर ब्रिजच्या तारेवर जॉकी, ती टोकदार पितळी पट्टी, घासत न्यायची नाही, उचलून टेकवायची, नाहीतर तार झिजते. ही गोष्ट मी सरांच्या आधी पोरांना सांगायचो. स्प्रिंगला वजन टांगून झोके मोजायचे असले तर वजन सोडताना 'शून्य' म्हणायचं. पोरं 'एक' म्हणून सोडतात, वीसला घड्याळ थांबवतात आणि मोजलेले असतात एकोणीसच. दरवर्षी नवी पोरं, दरवर्षी तीच चूक. मी मागून ओरडायचो, "शून्य म्हण, शून्य." पोरं हसायची. मला शून्यकाका म्हणायची. चालायचं.

आणखी एक गोष्ट मला यायची. खोटं रीडिंग मी चार हातांवरून ओळखायचो. वाचायचीही गरज नव्हती. खरं रीडिंग ओबडधोबड असतं. एक वर, एक खाली, एकावर काट मारलेली. मधेच शाई बदललेली, कारण मधे तास संपलेला असतो. पानाला बोटाचा तेलकट डाग असतो. खोटं रीडिंग एका बैठकीतलं असतं. एकच शाई, एकच कल, आकडे कवायतीला उभे केल्यासारखे. पोरगं जर्नल घेऊन सरांकडं निघालं की मी वाटेतच म्हणायचो, "कुठून आणलंस रं हे?" ते पोरगं तिथूनच माघारी.

आमचे सर म्हणजे सिद्दीकी सर. पांढरा शर्ट, बाहीला खडू. वर्गात मराठी शिकवायचे आणि चिडले की दखनीत यायचे. एकदा अकरावीची एक पोरगी लोलकाचा प्रयोग करून रडत बसली. पृथ्वीचा ओढा काढायचा असतो त्यात, पुस्तकात नऊ पूर्णांक आठ दिलाय, हिचा आला नऊ पूर्णांक एक. शेजारच्या पोराचा बरोबर नऊ पूर्णांक आठ. सरांनी त्या पोराचं जर्नल खिडकीतून खाली सोडलं आणि पोरीला पैकीच्या पैकी मार्क दिले. मी बघतच राहिलो. सर माझ्याकडं वळून म्हणाले, "संपतराव, गलत रीडिंग चलेगी. झूठी नहीं चलेगी." मग खाली जाऊन त्यांनी स्वतःच ते जर्नल उचलून आणलं, धूळ झटकली आणि पोराला परत प्रयोगाला बसवलं. आयुष्यात मी शिकलो म्हणाल तर एवढंच.

पण एक हौस राहिली. जर्नलवर सही करायची. प्रत्येक प्रयोगाखाली सरांची लाल सही लागायची, 'तपासले'. रीडिंग मी बघायचो, चूक मी काढायचो, पण सही परिचराची चालत नाही. नियमच तो. बरोबरच आहे. घरी मात्र द्वारकाला हे मी शंभरदा सांगितलं असेल.

ती लॅबमध्ये एकदाच आली होती. मी डबा विसरलो होतो, ती घेऊन आली. दारात उभी, पायातल्या चपला काढून, देवळात आल्यासारखी. तास संपला होता, टेबलावर सोनोमीटर तसाच मांडलेला. लाकडाची लांब पेटी, वर ताणलेली तार. मी म्हणालो, ये, गंमत दाखवतो. तारेवर कागदाचा एवढासा चिमटा ठेवला. नाद काढायचा दोन दातांचा काटा रबरावर आपटला, त्याचा दांडा पेटीला टेकवला. तार पुरती जुळली की कागद आपोआप उडतो, हात लावावा लागत नाही. मी तारेखालची पाचर सरकवत गेलो. एका जागी कागद थरथरला आणि टुणकन उडून तिच्या पायाशी पडला. ती दोन पावलं मागं सरली. "कुणी उडवला?" मी म्हणालो कुणी नाय, सूर जुळला. ती वाकली, तो कागद उचलून डब्याच्या फडक्यात बांधला. परत उडवा म्हणाली. चारदा उडवला. तिसऱ्या तासाची पोरं दारात येऊन थांबली तरी ती हटेना. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, पुढं किती वर्षं, काही मनासारखं झालं की ती म्हणायची, कागद उडाला बघा.

मागल्या वर्षी मनासारखं म्हणजे वैष्णवी. आमच्या कैलासची पोरगी. कैलास फुलंब्रीकडं शेती करतो. दहावीनंतर पोरीला आमच्याकडं आणून सोडली, सायन्सला घातली. घरातली पहिली. तिला माझ्याच जुन्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून मी पेढे वाटले. म्हणलं, आता नात माझ्या टेबलांवर प्रयोग करणार.

कशाचं काय. नाव कॉलेजात आणि पोरगी दिवसभर क्लासला. सकाळी सातला जाणार, दिवस मावळता येणार. कॉलेजात फक्त फॉर्म भरायला जायचं. सगळ्यांचं असंच असतं म्हणे. मी एक दिवस कॉलेजात जाऊन आलो. सिद्दीकी सर तर कधीच देवाघरी गेले. लॅबला कुलूप. खिडकीच्या काचेला नाक लावून बघितलं, आत परीक्षेची बाकं एकावर एक रचलेली. माझे सोनोमीटर कपाटावर, त्यांच्यावर बोट बुडेल एवढी धूळ. आणि बाहेर प्रत्येक खांबावर क्लासच्या पोरांचे हसरे फोटो. कशाला हसता रे? तुम्ही स्प्रिंग हातात धरलीय का कधी?

जानेवारीत जर्नलं पुरी करायची वेळ आली. वैशूला मोबाइलवर कुणीतरी सगळे प्रयोग पाठवले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती उतरवून काढायची. द्वारका शेजारी बसून पट्टी-पेन्सिलीनं रकाने आखून द्यायची. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण रेघ अशी मारायची की छापल्यासारखी. ती विचारायची, हे काय मोजलंय गं? वैशू म्हणायची, काही नाय आज्जी, उत्तर ठरलेलं असतं, तिथून मागं मागं यायचं. द्वारका मान हलवायची. शेंगा निवडता निवडता ऐकत राहायची.

मी भडकायचो. रोज. जेवताना, चहा घेताना, पोरगी मान खाली घालून लिहीत असताना. मी म्हणायचो, चल कॉलेजात, किल्ली मागून घेतो, मी मांडून देतो, एक तरी प्रयोग कर. ती म्हणायची, "आबा, वेळ नाहीये. सगळेच असं लिहितात." द्वारका मधे पडायची, लिहू द्या तिला, दिवस वाचतोय पोरीचा. सोमवारच्या आधीच्या रविवारी तर मी जर्नल चाळता चाळता झोके मोजल्याचा एक तक्ता बघितला, वीस ओळी, एकच शाई, एकच कल. आणि तारखा तर पुढच्या आठवड्याच्या. म्हणजे अजून न उजाडलेल्या दिवसाचे झोके मोजून झालेले. माझं डोकं फिरलं. मी ते जर्नल अंगणात फेकलं. सिद्दीकी सरांसारखं, असं मला वाटलं. सर खाली जाऊन उचलून आणायचे. मी नाही गेलो. द्वारका गेली. कव्हर फाटलं होतं. तिनं धूळ पुसली. सोमवारी फक्त म्हणाली, खाकी कागद आणा.

म्हणून ते कव्हर. माफी मागायला मला जमत नाही, कागद कापायला जमतं.

आता वहीचं सांगतो. डिसेंबरात द्वारकाला चक्कर आली होती. डॉक्टरांनी गोळी वाढवली, बीपीचं मशीन घ्यायला लावलं, सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा म्हणाले, दर पंधरवड्याला वही दाखवा. मला तर हुरूप आला. माझ्या कामाची गोष्ट. वैशूनं मशीनला तारीख-वेळ लावून दिली. मी द्वारकाला टेबलाशी बसवायचो. बांगड्या वर सारून पट्टा बांधायचा, हात काळजाच्या उंचीला, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प. तीन रीडिंग घ्यायची, सरासरी काढायची. पण ती बाई पाच मिनिटं गप्प बसेल तर शपथ. मशीन घुर्र करत असताना हिला आठवायचं, नळाला पाणी कधी येणार, भाजीला काय. मी ओरडायचो, बोलू नको, रीडिंग बिघडतं. एकदा ती हसली, हसल्यानं आकडा चढला, तर मी पट्टाच काढून फेकला. तुला गंभीरपणा नाही म्हणालो.

मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. माझं मी घेईन."

घे म्हणालो.

त्यानंतर ती तिचं घ्यायची. आठवड्याला एक पान, स्वतः आखलेलं. दर रविवारी नाहीतर सोमवारी वही आणून द्यायची, सर तपासा. मी लाल पेनानं 'तपासले' लिहायचो. एकतीस वर्षांची हौस. आकडे बघायचो की, बघत नव्हतो असं नाही. एकशे तीस-ऐंशी. एकशे अठ्ठावीस-ब्याऐंशी. एकशे तीस-ऐंशी. मला बरं वाटायचं. डॉक्टरांकडं वही मीच घेऊन गेलो, त्यांनीही बघून छान म्हणलं. मी त्यांना वर सांगितलं, रकाने बघा कसे आखलेत. एक दिवस मी तिला म्हणालो, गालावर सूज दिसतेय तुझ्या, डॉक्टरांची शुक्रवारची तारीख आहे, त्याआधीच जाऊन येऊ. ती पीठ मळत होती. म्हणाली, "गुरुवारी पोरीचं प्रॅक्टिकल होऊ द्या. मंग काय मरायचं ते मरू." आम्ही दोघंही हसलो. काय हसण्यासारखं होतं त्यात?

मंगळवारी सकाळी परातीत कणीक तशीच होती. हात कणकेनं भरलेले. ती ओट्याशी बसली, मग कलंडली. दवाखाना, रिक्षा, कॉट, एकेक सांगत बसत नाही. डोक्यात रक्त फुटलं म्हणाले. तिचे हात धुवायचेही राहिले. तशीच बोटं वाळली होती.

बुधवारी घर माणसांनी भरलेलं. माझी मोठी बहीण, आक्का, ती आल्यापासून सगळं तिच्या हातात. मला म्हणाली, तिचा चष्मा शोधून दे. चष्मा फडताळात नव्हता, उशीखाली नव्हता. मशीनच्या डब्यामागं वही सापडली. नवं खाकी कव्हर, खळ अजून पुरती वाळलेली नव्हती, कोपरा बोटाला चिकटला.

मी खाटेवर बसून वही उघडली. आधी त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग शेवटचं पान आलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार.

ती मंगळवारी दुपारी गेली. वहीत मंगळवार संध्याकाळ होती. एकशे अठ्ठावीस-ऐंशी. बुधवार सकाळ होती. गुरुवार सकाळ होती, एकशे तीस-ऐंशी. शुक्रवारी डॉक्टरांना दाखवायचं, तोवरचं सगळं लिहून मोकळी. आणि गुरुवारच्या खाली लाल शाईत माझी सही. तपासले.

तेव्हा कुठं माझा डोळा जागा झाला. पानं मागं उलटली. एकच शाई. एकच कल. आकडे कवायतीला उभे. आंधळ्यानंही ओळखलं असतं. मशीन काढलं, मागचं दाखवणारं बटण दाबलं. शेवटचं रीडिंग तेरा दिवसांपूर्वीचं. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे दहा. त्यानंतर काहीच नाही. म्हणजे तो आकडा तिनं बघितला, पट्टा सोडला, घडी घालून डब्यात ठेवला आणि पेन घेतला. दाखवलं असतं तर डॉक्टरांनी भरती करून घेतलं असतं. मग पोरीचा सातचा डबा कोण करणार? रकाने कोण आखणार?

मला भयंकर राग आला. तिचा. मेलेल्या माणसाचा राग यावा का? यावा. चोवीस वेळा तू मला फसवलंस, बाई. आणि वर मला सर म्हणालीस.

वैशू चहा घेऊन आली. वही माझ्या मांडीवर उघडी. ती उभ्याउभ्या वाचत गेली, गुरुवारपर्यंत आली. कप खाली ठेवला.

"आबा, आज्जीनं मला विचारलं होतं," ती म्हणाली. "चांगल्या माणसाचं किती असतं म्हणून. मी एकशे तीस-ऐंशी सांगितलं."

मी वही तिच्याकडं वळवली.

"मग विचारलं, रोज तेच लिहिलं तर सापडतं का. मला वाटलं, माझ्याच जर्नलचं विचारतीय. मी म्हणलं, थोडं खाली-वर करायचं आज्जी." तिनं वहीवरची नजर काढली नाही. "हसत हसत सांगितलं मी."

माझ्या तोंडात दोन शब्द आले होते. व्हय, तूच. महिनाभर मी त्या पोरीवर ओरडत होतो, जर्नल अंगणात फेकलं होतं, आता तर हातात पुरावा होता. दोन शब्द टाकले असते तर ते खोटेही नव्हते. पण एका रीडिंगवर उत्तर काढायचं नाही, हे मी एकतीस वर्षं पोरांना सांगितलं. तिनं शिकवलं, हे एक. मी ओरडून मशीन त्या बाईच्या एकटीच्या हातात दिलं, हे दुसरं. तिसरं लाल शाईत होतं. मी पोरीचा हात धरून तिचं बोट त्या सहीवर ठेवलं.

"तपासणारा कोण होता?" मी म्हणालो. "वाच."

तिनं वाचलं नाही. तिथंच खाली बसली, माझ्या गुडघ्याला डोकं लावून. मग म्हणाली, मी उद्या जात नाही प्रॅक्टिकलला. ते जर्नल घेऊन मी त्या दारात जाणारच नाही. तेवढ्यात आक्का आत आली, तिनं तेवढंच ऐकलं आणि तिला बरंच वाटलं. सुतक आहे, उद्या तिसरा दिवस आहे, राख सावडायची आहे, पोरीनं घराबाहेर पडायचंच कशाला? एक वर्ष गेलं तर काय बिघडतं? कैलास दारात मान खाली घालून उभा होता.

एक वर्ष. ज्या एका गुरुवारसाठी ती बाई तेरा दिवस डोक्यात रक्त घेऊन भाकरी थापत होती, तो गुरुवारच नको म्हणत होते. मी आक्काला काय बोललो ते इथं लिहीत नाही. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

वैशू आता बी.एस्सी.ला आहे. तिचे मार्क मला विचारू नका, मीही विचारत नाही. पण परवा ती हातावर काळं ग्रीस घेऊन घरी आली, आणि वहीत तीन ठिकाणी काट मारलेली होती. मी मुद्दाम बघितलं. बघून परत ठेवून दिली. सही केली नाही. माझा लाल पेन कुठंय मला माहीत आहे, त्याला मी हात लावत नाही.

त्या गुरुवारी सकाळी मी लवकर उठलो. कैलासला म्हणालो, राख कुठं पळून जात नाही, मी येईपर्यंत थांबा. वैशूला टेबलाशी बोलावलं. मशीन काढलं, माझी बाही वर सारली. म्हणालो, बांध. तिनं पट्टा बांधला. हात काळजाच्या उंचीला ठेवला, पाय जमिनीला. पाच मिनिटं मी गप्प बसलो. स्वयंपाकघरात मंगळवारची परात घासून पालथी घातली होती, तिच्याकडं बघत. मग मशीन घुरघुरलं, हात आवळला, सोडला.

"आबा, एकशे चौऱ्याहत्तर आलंय. खालचं अठ्ठ्याण्णव." तिचा चेहरा उतरला. "परत घेऊ का?"

"घे. तीन घे. पण पहिलं खोडू नको. जे आलं ते लिही."

द्वारकाच्या गुरुवारच्या खाली, माझ्या सहीच्याही खाली जागा होती. तिथं तिनं तीन आकडे लिहिले. तिसऱ्यात एक आठ वाकडा आला. तो तसाच ठेवला.

मग मी तिचं जर्नल तिच्या हातात दिलं. म्हणालो, हे जसं आहे तसं आहे, आता बदलत नाही. आत टेबलावर जे मोजशील ते तुझं. आम्ही रिक्षा केली. कॉलेजात शिपाई ओळखीचा निघाला, त्यानं मला लॅबच्या मागच्या खिडकीशी, लिंबाखाली उभं राहू दिलं. काचा पुसलेल्या होत्या. बाकं हलवली होती. वैशूच्या वाट्याला स्प्रिंग आली. तिनं वजन टांगलं, ते थिरावेपर्यंत थांबली. डाव्या हातात घड्याळ. उजव्या हातानं वजन हळूच खाली ओढलं, आणि सोडताना एवढ्या मोठ्यानं म्हणाली की बाहेरून आलेल्या परीक्षकानं मान वर करून बघितलं.

"शून्य."

मी खिडकीबाहेर उभा राहून तिच्याबरोबर वीसपर्यंत मोजलं. मग राख सावडायला गेलो.